छत कापलेली गाडी

पुणे

धर्मपालदादास जय भीम.

वरातीसाठी गाडीचं छत कापून तू त्याचे काढता-घालता येणारे तुकडे केलेस, तेव्हाच बोललो होतो, आधी चेसी खालून मजबूत कर. तू हसलास. "छताचा अन् चेसीचा काय संबंध हाय?"

होटगी रोडच्या गतिरोधकावर छताचा आधार गेलेली गाडी मधून लवली, दार उघडलं आणि आई रस्त्यावर पडली. हे मला वहिनीनं सांगितलं. तू लपवलंस.

रविवारी येतोय. दोन्ही दारांखाली चौकोनी पाइप आणि मधे एक आडवा, मी स्वतः वेल्ड करणार. तोवर गाडी काढलीस तर चावी विहिरीत टाकीन.

आईचा उजवा हात सुजलाय म्हणे. जेवताना तिला कोण भरवतं? उत्तर वहिनीनं द्यावं, तू नको.

आईचा,
नवनाथ