टाळू भरली

१२ मे २०२५

वही, तुला उघडायला फार उशीर झाला, माफ कर. सुनेच्या माहेराहून नातू घरी आल्यापासून हातात वेळच राहत नाही. त्याच्या टाळूवर तेल घालायचं काम माझ्याकडे आलंय. खरं हे बायकांचं काम. पण ही गेली — आता घरात जुनं माणूस मीच. ऐश्वर्या स्वतः तिथे हात लावायला घाबरते. म्हणाली, "बाबा, दाबू नका हं."

दाबतोय कसला! तिथे हाडच नाही. पातळ कातडीखाली काहीतरी हलताना दिसतं. बघवत नाही.

१४ मे

गावाला आमचं पहिलं पोर हगवणीने गेलं, तेव्हा त्याची टाळू वाटीसारखी आत गेलेली. मी बोट ठेवून पाहिलेलं. याची लवकर भरू दे रे देवा.

२ जून

खळगा लहान झालाय. बोटाचं टोकच मावतं. आता दिवसातून तीनदा तेल.

९ जून

भरली! बाळ तीनच महिन्यांचं. सगळीकडे टणक. शेजारच्या रंगूबाईंनाही दाखवली. म्हणाल्या, माझ्या नातीची दीड वर्षाने भरली, तुमचा हात चांगला आहे भावोजी.

ऐश्वर्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तेल बंद होईल आणि बाळ माझ्या मांडीवर यायचं थांबेल. रंगूबाईंनाही बोलू नका म्हटलं.

२१ जून

डोक्याच्या मधोमध, कपाळापासून मागेपर्यंत कंगोरा आलाय. तेल त्याच्या दोन्ही बाजूंनी ओघळतं.

२८ जून

कंगोरा आणखी वर आला. डोकं लांबट दिसतं, होडीसारखं. बाळ हसतं, पण माझ्याकडे बघून नाही, माझ्या मागे बघून. मागे कोणी नसतं. बोट ठेवलं की हाडाखालून ठोका लागतो — आतून कोणी दार वाजवावं तसा. माझ्याच बोटातला असेल.

१९ जुलै

काल डोस द्यायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी डोकं बघून ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आज मीही गेलेलो.

त्यांनी समजावलं. डोक्याचं हाड आधी मऊ पडद्यासारखं असतं, पोटात असल्यापासून हळूहळू हाड होत जातं. पण मधले सांधे उघडे राहायला हवेत. याचे मिटले. आत मेंदू वाढतोय आणि त्याला जागा नाही. तेलाने असं होत नाही, म्हणाले. तीन महिन्यांचा असताना कळलं तर छोट्या छेदावर भागतं. आता डोकं मोठं उघडावं लागेल.

मग माझ्याकडे वळले. "आजोबा, टाळू कधी भरली?"

"आत्ताच. चार दिवस झाले असतील."

"मग तुमच्याकडून उशीर झाला नाही," ते ऐश्वर्याला म्हणाले. ती रडायची थांबली. माझा हात धरला तिने.

२४ जुलै

ऐश्वर्या, तू आणि प्रीतम सकाळीच बाळाला घेऊन ऑपरेशनला गेलात. ही वही तुझ्या उशीवर ठेवतोय. ९ जूनचं पान वाच. मी कोपरला, सुमतीआत्याकडे आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण बाळाने डोळे उघडले की कोणाकडून तरी कळव. लवकर कळव.