तक्रार निकाली

४ नोव्हेंबर, सोमवार

स्पर्धेत नाव दिलं. म्हणजे मी नाही दिलं, वकिलाने दिलं.

नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "शाळाशाळांची नागरी प्रकल्प स्पर्धा आहे. आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा, सोडवायचा प्रयत्न करायचा आणि महिनाअखेरीला सभागृहात येऊन सांगायचं." सगळा वर्ग वह्यांत डोकं घालून बसला. वकील उठला आणि स्वतःचं, माझं आणि चिमणीचं नाव सांगून मोकळा झाला. वकील म्हणजे आमच्या वर्गातला वाद घालणारा. बरोबर उत्तराला पूर्ण मार्क मिळाले तरी बाईंशी भांडतो. चिमणी माझ्या बाकावर बसते. अंगाने एवढीशी, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत. हे दोघे मला दगड म्हणतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून.

प्रश्न लगेच ठरला. शाळा आणि बसथांबा यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे. रस्त्याखालून पलीकडे जायला बोगदा आहे. त्यातले दिवे गेल्या वर्षी गेले ते गेलेच. आता सगळे वरूनच जातात, दुभाजकावर चढून, गाड्यांना हात दाखवत.

घरी आईला सांगितलं. आई वॉर्ड ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. भाजी चिरताना मान वर न करता म्हणाली, "मग रीतसर तक्रार करायला हवी."

"तूच घे ना लिहून."

"खिडकीवर या. रांगेत उभे राहा."

६ नोव्हेंबर, बुधवार

बोगदा आतून पाहिला. मोबाइलच्या उजेडात जेवढा दिसला तेवढा. भिंतींना ओल. छतावरून दिव्यांचे नुसते सांगाडे लोंबतायत, वायर कुणीतरी ओढून नेली आहे. मध्यावर एक एकटीच चप्पल पडलेली, चांगली नवी. चिमणीने "कोणी आहे का" म्हणून ओरडून पाहिलं. तिचाच आवाज परत आला, तरी आम्ही तिघेही दोन पावलं मागे सरलो.

पलीकडच्या जिन्याने एक बाई उतरल्या. आत वाकून पाहिलं आणि परत वर चढायला लागल्या. गुडघे धरून. चिमणी धावत गेली. "मावशी, परत का निघालात?"

"आत कोण बसलंय ते दिसायला तरी हवं की नाही, पोरी?"

वकिलाने ते वाक्य लिहून घेतलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

खिडकीवर गेलो. आईने मला ओळख दाखवली नाही. पुढच्या माणसाला जसं पाहिलं तसंच आम्हाला पाहिलं.

"काय तक्रार आहे?"

वकिलाने भाषण सुरू केलं. आईने मध्येच विचारलं, "जागा कोणती ते सांगा." मग जागा, मग दिवे कधीपासून बंद, मग फोन नंबर. वकिलाने स्वतःचा दिला. अर्जाच्या दोन प्रती लागतात, आमच्याकडे एकच होती. आई म्हणाली, "समोर झेरॉक्स मिळेल. पुढचे या."

बाहेर आल्यावर चिमणी म्हणाली, "तुझी आई फारच कडक आहे गं." मी म्हटलं, घरीही अशीच असते. खरं तर घरी ती बरीच बोलते. असं का सांगितलं कोण जाणे.

झेरॉक्स काढून परत रांगेत उभे राहिलो. तक्रार नोंदली गेली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वकील मधल्या सुट्टीत मोबाइल नाचवत आला. वॉर्ड ऑफिसचा मेसेज. "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

शाळा सुटल्यावर बोगद्यात गेलो. काळोख होता तसाच. चप्पल मात्र गेली होती.

चिमणी रागाने लाल. वकील उलट खूश. "अरे, हाच तर आपला प्रकल्प! काळोख इथे, आणि काम झाल्याचा मेसेज इथे. सभागृहात दोन्ही शेजारी-शेजारी दाखवायचं."

जेवताना आईला विचारलं, "बोगद्याची तक्रार कोणी बंद केली?"

"मी."

"दिवे लागले नाहीत."

"माहीत आहे."

बाबा जेवायचे थांबले. आई आमटी वाढत राहिली. म्हणाली, "महिन्याची बैठक असते. त्यात साहेबांना एकही तक्रार पडून दिसायला नको असते. ते सांगतात, बंद करा, ज्यांना खरंच गरज आहे ते परत येतील."

"येतात?"

"काही येतात."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या दोघांना सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चिमणीला स्कूटरने उडवलं.

शाळा सुटली होती. आम्ही नेहमीसारखे दुभाजकावर चढलो. ती पुढे होती, वळून माझ्याशी बोलत होती. बोलता बोलताच उतरली. स्कूटरवाल्याने ब्रेक दाबला, आवाज झाला, आणि चिमणी रस्त्यावर बसलेली दिसली. आधी वाटलं नुसतीच बसली आहे. मग तिचा पाय पाहिला. पाय जिथे वळत नाही तिथे वळला होता.

स्कूटरवालाच तिला उचलून दवाखान्यात घेऊन आला. सारखा "ताई, दिसलीच नाही हो, दिसलीच नाही" म्हणत होता. मला ताई म्हणत होता, माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

नडगी मोडली आहे. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवणार. तिची आई आली. रडत नव्हती. मला म्हणाली, "बोगद्यातून का नाही गेलात?" मी म्हटलं, तिथे दिवे नाहीत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, पर्सही खांद्यावरच होती. तिने तशाच परत चपला घातल्या. दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसले, ती आत गेली. बऱ्याच वेळाने आली. येताना रस्त्यात मी विचारलं, "काय बोललीस चिमणीच्या आईशी?"

"दिवे लागले नाहीत हे माहीत असून तक्रार मी बंद केली, हे सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. चहा घेणार का विचारलं."



२० नोव्हेंबर, बुधवार

आईने साहेबांकडे जाऊन तक्रार पुन्हा उघडायची परवानगी मागितली. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. बाबांना हे सांगताना आईचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला उद्या येणार नाही असं सांगावं तसा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

वकिलाला सांगून टाकलं. दवाखान्यात, चिमणीसमोरच. तिला तिच्या आईकडून आधीच कळलं होतं, तरी ती माझ्याकडे बघून गप्प राहिली होती. तिला गप्प राहता येतं हे मला माहीत नव्हतं.

वकील खिडकीतून बाहेर बघत बसला. मग म्हणाला, "प्रकल्पच सोडून देऊ या."

"हट्," चिमणी म्हणाली. "माझा पाय काय फुकट मोडला?"

शेवटी ठरलं की बोगदा, मेसेज आणि चिमणीचा पाय एवढंच दाखवायचं. तक्रार कोणी बंद केली हे सांगायचं नाही. "कार्यालयाने बंद केली" असं म्हणायचं. रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "न विचारता सांगू नका. विचारलं तर खोटं बोलू नका."

२७ नोव्हेंबर, बुधवार

बाईंनी बोलावून घेतलं. परीक्षकांत वॉर्ड ऑफिसचे साहेब आहेत. "जरा सौम्य घ्या रे," बाई म्हणाल्या. "पाहुणे आहेत." वकिलाने तोंड उघडलं तशी मी त्याच्या पायावर पाय दिला.

३० नोव्हेंबर, शनिवार

सभागृह भरलेलं. पंखे इतके जोरात की कागद धरून बसावं लागत होतं. आमच्या आधी एका शाळेने ओल्या कचऱ्याचं खत केलं होतं, ते बरणीत घालून आणलं होतं. परीक्षकांनी हुंगून पाहिलं. लोक हसले.

मग आम्ही. चिमणीला खुर्चीवर बसवून वर चढवलं, पाय पुढे स्टुलावर. वकिलाने बोगद्याचे फोटो दाखवले. मग मेसेज दाखवला. मग नुसतं चिमणीकडे बोट केलं. इतकं कमी बोलताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

साहेबांनी माइक घेतला. आवाज गोड आहे त्यांचा. "मुलांनो, फार छान काम केलंत. आता एवढा मोठा कारभार आहे. खालच्या एखाद्या कर्मचाऱ्याची नजरचूक झाली असणार. आम्ही बघून घेऊ त्याच्याकडे. तुम्हाला कल्पना आहे का, कोणी बंद केली?"

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्यासमोर होता.

"हो," मी म्हटलं. "माझ्या आईने."

साहेब हसत होते, ते तसेच हसत राहिले. "बरं. मग आईंनी का केली असेल, ते विचारलंस का?"

"विचारलं. तुम्ही सांगितलंत म्हणून केली."

बाईंनी कपाळाला हात लावलेला मला वरून दिसला. साहेब म्हणाले, "लहान आहेस तू, तुझा काहीतरी गैरसमज—" आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आई उठली. ती येणार आहे हे तिने मला सांगितलं नव्हतं. ऑफिसला जाते तीच साडी, खांद्याला तीच पर्स.

"गैरसमज नाही, साहेब," ती म्हणाली. "नजरचूकही नाही. मी बंद केली. ही एकच नाही, पुष्कळ केल्या."

एवढंच बोलून खाली बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

पहिला नंबर खताचा. आम्हाला उत्तेजनार्थ.

१ डिसेंबर, रविवार

बाबांनी विचारलं, "आता?" आई म्हणाली, "आता उद्या ऑफिस."

४ डिसेंबर, बुधवार

बोगद्यात दिवे लागले. सकाळी शिडी लावून माणसं काम करत होती, शाळा सुटेपर्यंत झालंसुद्धा. इतकं सोपं होतं. वकिलाने चिमणीला फोन लावून आतून दाखवलं. ती इतकी ओरडली की बोगद्यातल्या लोकांनी वळून पाहिलं. हो, लोक होते. जात-येत होते.

घरी आले तर आई आधीच आलेली. चौकशी होईपर्यंत तिला निलंबित करून घरी बसवलं आहे.

"दिवे पिवळे आहेत की पांढरे?" तिने विचारलं.

"पांढरे."

"लख्ख पडतो उजेड?"

"हो."

"बरं झालं." मग ती कणीक मळायला गेली.

मी रडायला हवं होतं बहुतेक. इतिहासाचा गृहपाठ केला.

७ डिसेंबर, शनिवार

आई कपाटं आवरते. आवरून झालेली पुन्हा आवरते. शेजारच्या काकू डोकावून गेल्या, "सुट्टी का?" आई म्हणाली, "हो, सक्तीची." काकूंनी पाय काढता घेतला.

माझ्याशी बोलत नाही असं नाही. विचारलं तेवढं बोलते. आज विचारलं, "माझ्यावर रागावलीयस?"

"नाही." डबे पुसत होती. मग म्हणाली, "थोडी. स्वतःवर जास्त. पण थोडी तुझ्यावर पण आहे. जाईल."

मला बरं वाटलं. का ते कळलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

बाबा म्हणतात, साहेबांना भेटून माफी मागून टाक, मिटेल. आई ऐकून घेते.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळीच आई कुठेतरी गेली. कुठे ते बाबांनाही ठाऊक नाही. संध्याकाळी आली ती थेट पाय सोडून बसली. पाय सुजले होते. विचारलं तर म्हणाली, "ओळखीच्या लोकांकडे गेले होते."

१३ डिसेंबर, शुक्रवार

शाळेतून आले तर घराला कुलूप. वॉर्ड ऑफिसपर्यंत जाऊन पाहिलं. आई तिथेच होती, फाटकाबाहेर, आमच्या घरची घडीची खुर्ची टाकून, मांडीवर पाट. समोर रांग. काठी टेकलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, एक रिक्षावाला, त्यांच्यामागे आणखी. ज्यांच्या तक्रारी तिने बंद केल्या होत्या, ते सगळे. तीन दिवस घरोघर जाऊन तिने त्यांना बोलावून आणलं होतं. एकेकाचा अर्ज पुन्हा लिहून देत होती आणि आत खिडकीकडे पाठवत होती. वरच्या मजल्यावर साहेब काचेआड उभे होते.

तिने मला पाहिलं. "पेन संपत आलंय," म्हणाली. "तुझं दे, आणि तू पलीकडे बस. दोन रांगा करू."