बाईसाहेब, तुम्ही एकट्याच?

पाल्मा बंदर,
१४ मे

प्रिय एर्सिलिया,

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा करते. ईस्टरपासून आपण बोललेलो नाही, तेव्हा माझं अक्षर पाहून तू चष्मा पुसशील. पूस आणि वाच.

जहाज मोठं आहे, बाकी कौतुक करावं असं काही नाही. तुल्लियोने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ही सफर भेट दिली. मुलगा प्रेमळ आहे, पण आईबापांना आधी विचारावं, हे त्याला कधी सुचलेलं नाही. इथे पास्ता लगदा होईपर्यंत शिजवतात आणि पेस्तोच्या चटणीत साय घालतात. साय, एर्सिलिया! मी आचाऱ्याला बोलावून सांगितलं, "आमच्या जेनोआत एवढ्यावरून लग्नं मोडतात." दुपारी पोहण्याच्या तलावापाशी गाणी लावतात आणि माझ्या वयाच्या बायका कंबर हलवतात. आम्हाला नन्सनी गुडघे जुळवून बसायला शिकवलं; ह्यांना कोणी काय शिकवलं, देव जाणे.

ओरेस्ते मजेत आहे. भूक चांगली आहे.

एक विचारायचं होतं. तुझा भाऊ लहानपणी लोकांची फिरकी घेताना कुठवर जायचा? कारण जहाजावर आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्याने कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "घ्या बाईसाहेब. तुम्ही एकट्याच प्रवासाला निघालात?"

तुम्ही! मला वाटलं, चेष्टा. मीही म्हटलं, "एकटीच, महाशय. तुमची सोबत मिळाली हे भाग्य." आमच्या टेबलावरची बेर्गामोची विधवा कार्मिनाती विरघळलीच. "अगंबाई, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी असं बोलतात? आमचे हे शेवटपर्यंत मला 'ए' म्हणूनच हाका मारायचे!"

दिवसभर मी ती चेष्टा निभावली. जेवणाच्या वेळी मात्र माझ्याने राहवेना. म्हटलं, "पुरे आता, ओरेस्ते. मला तू म्हण."

तो लाजला. पार कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "एवढी कुठे आपली ओळख?"

जहाजाचा डॉक्टर म्हणतो, जागा बदलली की असं होतं कधीकधी, घरी गेल्यावर बघा. बघा म्हणजे काय बघा? शहाणा मेला.

काल दुपारी ओरेस्ते आमच्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि आत येईना. मी म्हटलं, "ये, बूट काढ, पड जरा." टोपी छातीशी धरून म्हणाला, "बाईसाहेब, गैरसमज करून घेऊ नका. तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. पण मी बायकोवाला माणूस आहे."

"कुठे आहे बायको?" माझा आवाज चढला होता.

"घरी. वाट बघत असेल. जिभेची तिखट आहे हो. उशीर झाला तर सोलून काढेल मला." आणि हसला. एर्सिलिया, माझ्याकडे बघून तो असा कित्येक वर्षांत हसलेला नाही.

मला इतका राग आला! कोणाचा, ते सांगता येत नाही. त्या बाईचा म्हणावं, तर ती मीच.

उद्या मार्सेय बंदर लागेल. तिथे उतरून आगगाडीने बायकोकडे जायचं म्हणून त्याने बॅग भरून ठेवली होती. अडवलं तर चारचौघांत म्हणायचा, "बाईसाहेब, हात सोडा." तिथे उतरला तर तो मला पुन्हा सापडायचा नाही. शेवटी मी म्हटलं, "महाशय, मी तुमच्याच गल्लीजवळ राहते. शनिवारी जहाज जेनोआला लागेल, तेव्हा मी स्वतः तुम्हाला तुमच्या बायकोच्या हवाली करते." त्याने वाकून माझे आभार मानले आणि बॅग माझ्याकडे दिली.

कबूल तर केलं. पण घरी पोचल्यावर पुढे होऊन दार मी उघडायचं, की त्याच्यामागे पाहुण्यासारखं उभं राहायचं? मला खरंच कळत नाही.

कार्मिनातीबाई समुद्राला कंटाळून इथूनच विमानाने जेनोआला, लेकीकडे चालली आहे. हे पत्र ती तुझ्या हातात देईल. ईस्टरला तू ओरेस्तेबद्दल जे बोललीस आणि मी तुला दार दाखवलं, त्यावर आपण सावकाश भांडू. शनिवारी धक्क्यावर ये. तुला तो नक्की ओळखेल. आणि त्याच्यासमोर मला नावाने हाक मार, मोठ्याने, तुझ्या त्या मासळीबाजारातल्या आवाजात.

हाक ऐकून तो माझ्याकडे न बघता गर्दीत कोणाला शोधायला लागला, तर तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस.

अजून तरी तुझी वहिनीच,
देल्फिना