पितळी घंटा

१५ नोव्हेंबर १९९८, रविवार

ताईच्या लग्नासाठी जुनी समई आणायला आज दादांबरोबर जुन्नरला गेले. जुन्या भांड्यांच्या दुकानात समई मीच निवडली. दादा आपले कोपऱ्यातल्या टोपलीतल्या पितळी घंटा एकेक करून कानाशी हलवत बसलेले.

“बंगलेवाले नेतात ह्या, दाराला लावायला,” शेठ म्हणाले.

“आमी म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधायचो,” म्हणत दादांनी एक घंटा बाजूला काढली.

मला रागच आला. आई-दादांनी मेंढरं विकून किती वर्षं झाली, आता ही बांधणार कुणाला? पण एसटीत ती घंटा रुमालात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली, तेव्हा राग कुठच्या कुठे गेला. लहानपणी कळपामागून माळशेज उतरताना पुढे असाच आवाज असायचा. अंधारून आलं तरी भीती वाटायची नाही.

घरी पोचल्यावर दादांनी अंगणातच रुमाल सोडला आणि घंटा हलवली. आई चुलीपाशी होती. आतूनच ओरडली, “आली व्हय मेंढरं? लंगडं कोकरू आधी आत घ्या!”

मग पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. दादांकडे बघत राहिली.

“थांबला का?” म्हणाली. “वाजवा की अजून.”