उशाशी ठेवलेला माइक

मंगळवार, ता. ४ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन करायचा तर तुझ्या दुकानात कायम कुणीतरी बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तुझ्या डोक्याशी उभा असतो, आणि इकडे ह्यांच्यादेखत मला मोकळं बोलता येत नाही. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. अक्षर एवढं मोठं आलंय ते डोळ्यांमुळे. मोतीबिंदू पिकलाय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ता. २७ ला, गुरुवारी ठरलंय. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय काळ्या दोऱ्याने आणि दुसरा निळ्या दोऱ्याने आखूड करून दिला. माणूस भला, फॅशन समजून घालतो म्हणाला. पण असं किती दिवस चालणार?

तू बसवलेल्या डब्या मात्र झकास चालल्यात. भिंतीतल्या विजेच्या वायरींतून गाणं जातं हे मला अजून पटत नाही, पण जातं खरं. मधल्या जाड भिंतींमुळे वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून मी वर्षभर कपाळाला हात लावून बसले होते, आणि तू एक डबी पुढच्या प्लगात, एक मागच्या प्लगात खोचून मोकळा झालास. ह्यांच्या बँडची जुनी रेकॉर्डिंगं लागली आणि क्लॅरिनेट सुरू झाली की डाव्या हाताची बोटं पांघरुणावर चालायला लागतात. उजवा हात तसाच. झटका आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही. पण बोटं चालतात, तेवढंही पुष्कळ आहे.

उशाशी माइक ठेवलास हे तर फारच शहाणपणाचं केलंस. मी पुढे मशीनवर असले तरी ह्यांनी नुसता घसा खाकरला की माझ्याजवळच्या स्पीकरमधून कळतं. मध्यंतरी एक दिवस वाईट गेला, पण ते जाऊ दे.

आता तक्रार. खालच्या ग्रंथपालबाई. जन्मभर लोकांना गप्प बसा म्हणून सांगितलेली बाई, पंधरा वर्षांत जिन्यात भेटली तर मान हलवण्यापलीकडे काही नाही. आमचं गाणं ऐकून तुझ्याकडून तसाच संच बसवून घेतला, तिथपर्यंत ठीक. पण गेले दोन आठवडे रोज चार वाजले की ही दारात हजर! कधी सूपचं भांडं, कधी मासिक. मी ह्यांना भरवायला बसते नेमकी तेव्हा. थोडा वेळ मी बसते त्यांच्याजवळ, तुम्ही तुमचं काम करा, असं म्हणते आणि खुर्ची ओढून बसतेसुद्धा. ह्यांच्या हाताकडे निरखून बघते. ऑपरेशनचं कळल्यावर म्हणाली की ते दोन दिवस मी सांभाळीन. मला ते इतकं लागलं की मी बोलून गेले. तुमच्या घरात कुणी नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात माणूस शोधू नका, असं म्हटलं मी. ती भांडं घेऊन खाली गेली.

बोलायला नको होतं, कळतंय मला. पण दया नको रे कुणाची. ऑपरेशन पुढे ढकलावं असं मनात आहे. परक्या माणसाच्या हवाली ह्यांना करून मी तिकडे निवांत कशी पडू?

लोभ आहेच, त्यात काटकसर केलीस तर कान पिरगाळीन.

तुझी,
ताई

* * *

शुक्रवार, ता. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काळ्या-निळ्या पँटचं वाचून हसू आलं. ऑपरेशन मात्र पुढे ढकलू नकोस, डोळ्यांशी खेळ बरा नव्हे. ता. २७ चं काहीतरी बघू. दुकानात सध्या एका शाळेच्या सभागृहाचं काम आहे, तरी बघू.

ग्रंथपालबाईंना फार लावून बोलू नकोस. बाई चांगल्या आहेत. वयाप्रमाणे माणसाला कुणाकडे तरी जावंसं वाटतं, दुसरं काय असणार!

एक काम कर. रविवारपर्यंत माइकचा प्लग काढून ठेव. तसं काही नाही, एक किरकोळ सेटिंग राहिलंय. मी रविवारी येऊन करून देतो. भाऊजींना नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
खटपट्या

* * *

मंगळवार, ता. ११ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू रविवारी येऊन गेलास, पण आलास असं काही वाटलं नाही. प्लगपाशी उकिडवा बसलास, डब्यांची बटणं दाबलीस, खाली बाईंकडे जाऊन तिथेही काहीतरी केलंस, परत वर आलास आणि जेवायलासुद्धा न थांबता निघालास. लहानपणी माझी पाटी फोडून तू असाच दोन दिवस माझ्या पाठीमागून फिरायचास. तुझ्या भाऊजींनी डावा हात पुढे केला, तू तो धरलास आणि पटकन सोडलास. ते नंतर बराच वेळ दाराकडे बघत होते.

किरकोळ सेटिंगसाठी माणसाचा चेहरा एवढा उतरत नाही. खालच्या बाईंना जिन्यात विचारलं, तर त्या म्हणाल्या की ते तुमच्या भावानेच सांगावं. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मला अंधारात ठेवू नकोस बाबा, आधीच मला कमी दिसतंय.

जे असेल ते सरळ लिही. तोपर्यंत लोभाची चौकशी करू नकोस.

ताई

* * *

शुक्रवार, ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा. फोनवर मला हे बोलताच आलं नसतं.

त्या डब्यांना एक छोटं बटण असतं. ज्या घरात बसवायच्या तिथे दोन्हीवरचं ते बटण दाबायचं, की त्या दोघी एकमेकींशी जोडल्या जातात आणि त्यांची गुप्त खूण ठरते. मग दुसऱ्या कुणाच्या डबीला त्यांच्यातलं काही कळत नाही. दोन मिनिटांचं काम. पण गिऱ्हाइकाच्या घरी जिने चढून-उतरून पुन्हा बटणं दाबायचा मला कंटाळा. म्हणून मी दुकानातच, टेबलावर, आलेल्या सगळ्या डब्या एका ओळीत लावून एकदमच जोडून टाकतो. लोक म्हणतात काय चटकन बसवतो हा! त्याचा मला डौल. म्हणजे माझ्या हातून गेलेल्या सगळ्या डब्यांची खूण एकच. घरं लांब असली तर काही बिघडत नाही. पण तुझं वरचं घर आणि बाईंचं खालचं पूर्वी एकच होतं. वायरिंग अजून एकाच बोर्डातून निघतं. हे मला माहीत होतं ताई, बोर्ड मीच उघडून बघितला होता. शिवाय माइक सुरू झाला की गाणं थांबून आधी तो वाजेल, अशी सोयही दोन्ही घरांत मीच केलेली.

भाऊजींच्या उशाशी जे बोललं गेलं, ते बाईंच्या दिवाणखान्यात ऐकू जात होतं.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतंय. पण चूक इथे संपत नाही. बाईंनी मला ता. १९ फेब्रुवारीलाच फोन केला होता. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता काय ऐकू आलं ते त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. भांडं पडलं. तू ओरडलीस, की एकदाचे सुटा आणि मलाही सोडवा. मग चापट मारल्याचा आवाज आला. मग भाऊजींचं रडणं. आणि मग तुझं.

मी त्यांना काय म्हटलं असेल? तुमचा स्पीकर बंद ठेवा, उद्याच येऊन दुरुस्त करतो, असं म्हटलं. तो उद्या उगवायला अठरा दिवस लागले. मनाला सांगितलं, सभागृहाचं काम आहे. खरं म्हणजे आलो असतो तर कशाला आलो ते सांगावं लागलं असतं, आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर माझ्याकडून पुन्हा डबी कोण घेणार, ही धास्ती. त्या अठरा दिवसांत मला दुकानाच्या नावाची काळजी होती. माझ्या भाऊजींवर हात पडतोय, माझी बहीण असं बोलण्याइतकी पिचून गेली आहे, ह्याची काळजी मी केली नाही. आपण काही ऐकलंच नाही, असं ठरवून टाकलं. ज्यांनी मला पहिलं सोल्डरिंग आयर्न आणून दिलं त्या माणसाचा हात रविवारी हातात घेतला आणि मला शरमेनं तो धरवेना.

तुझं पत्र आलं तेव्हा बाईंवर तू चिडलीस ते वाचूनही मी मूग गिळून बसलो. वर तुलाच उपदेश केला. मी शेण खाल्लंय ताई. रविवारी सगळ्या डब्या नव्याने जोडल्या, आता काही बाहेर जात नाही. पुढच्या आठवड्यात आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन, काय चुकलं ते तोंडाने सांगून, पुन्हा जोडून देणार आहे. पण तुझं गेलं ते गेलंच.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ह्या वेळी मागायला तोंड नाही.

खटपट्या

* * *

सोमवार, ता. २४ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. मग मशीनच्या खणात टाकलं, आणि आठ दिवस त्या खणातून बॉबिनसुद्धा काढली नाही. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ना, तसं झालं. पण भूमीच्या आधी खाली बाईंचं घर! चपला हातात घेऊन जिना उतरायचे, पाऊल वाजू नये म्हणून. दूध नाही आणलं, तीन दिवस चहा कोरा प्यायले.

होय, मी मारलं. डाव्या हातावर. जो एक हात शिल्लक आहे त्याच हातावर. ह्यांनी चमचा फेकला होता, सकाळपासून तिसऱ्यांदा, आणि गिऱ्हाइकाचा कोट माझ्या मांडीवर होता तो भिजला. एवढंच कारण. चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नाही म्हणजे घडलंच नाही, असं मीही ठरवून टाकलं होतं. तेव्हा त्या बाबतीत आपण दोघं एकाच आईची लेकरं.

काल दुपारी शेवटी खाली गेले. माफी मागायची होती, ती नीट मागता आली नाही. दारातच रडू फुटलं. बाईंनी बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतःच मान खाली घालून सांगायला लागल्या. तू स्पीकर बंद ठेवायला सांगितल्यावर त्यांनी तो बंद केलाच नाही. रोज दुपारी, ऐकू नये ते ऐकतोय हे कळत असूनही, त्या स्पीकरजवळ बसायच्या. पुन्हा चापटीचा आवाज आला तर धावत वर जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. चार वाजता येऊन बसायच्या त्या ह्यांच्यासाठी. हातावर वळ आहे का ते बघायला. मी दया दया म्हणून फणकारत होते, पण ती दया माझ्यासाठी नव्हतीच.

प्रथम मला संताप आला. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ह्यांना तोंड नाही, ओरडता येत नाही, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी रोज पहारा देत होतं. तो पहारा माझ्यापासून होता. हे वाक्य दोनदा खोडलं, पण लिहितेय. तुझ्यापासून तरी लपवणार नाही.

बटणाचा राग मला नाही. आळस सगळ्यांच्या हातून होतो, मी काळ्या पँटला निळा दोरा लावलाच ना. राग आहे तो ह्याचा, की परकी बाई अठरा दिवस कान लावून बसली, आणि तुला कळल्यावर तू मला एकदाही विचारलं नाहीस की ताई, काय झालं गं. तू विचारलं असतंस तर मी आधी तुझ्या अंगावर ओरडले असते. मग सांगितलं असतं. हा राग जाईल की नाही, मला माहीत नाही. गेला तर कळवीन.

ऑपरेशन गुरुवारी होणार आहे. ते दोन दिवस तू येऊ नकोस. दुकानातल्या आणि बाहेरच्या ज्या डब्या जोडायच्या राहिल्यात त्या जोडत बस. काल निघताना मी घराची किल्ली बाईंच्या हातात दिली. आज सकाळी ह्यांच्याजवळ बसून, कोण येणार आणि का, ते सगळं सांगितलं, चापटीसकट. ह्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, पण भरवलेलं खाल्लं.

मी नसताना ह्यांना कुणाच्या भरवशावर सोडू, म्हणून महिनाभर जीव टांगणीला लावून बसले होते. आता ती काळजी नाही. जी बाई ह्यांना माझ्यापासूनसुद्धा जपायला तयार होती, तिच्याइतकं भरवशाचं माणूस मला ह्या घरात दुसरं दिसत नाही.

आशीर्वाद नेहमीचाच आहे. लोभाचं डोळा उघडल्यावर बघू.

ताई