विसर्जन राहिलेली बोट

४ मे १९६१
दुर्गला उतरून भिलाईच्या क्वार्टरात सामान टाकलं. नागपूरच्या साप्ताहिकाला इथून पोलादाच्या वार्ता पाठवायच्या आहेत. आमची ही, रमा, म्हणाली, नळ आहे, पंखा आहे, आता अडचण फक्त तुमचीच. पंचेचाळिशीत एवढं स्वस्तिवाचन पुष्कळ झालं.

शेजारी हिरालाल, मूळचा भंडाऱ्याचा, भंगार-यार्डात मुकादम. बायको मथुरा. त्याने लगेच एक पाहुणी दाखवली: फिनलंडच्या आरमारातून सेवानिवृत्त झालेली सुरुंग पेरणारी बोट. तुकडे होऊन विशाखापट्टणमहून रेल्वेच्या वाघिणींत आली. पेन्शनीऐवजी भट्टी.

७ मे
मजूर पत्र्यांना हात लावेनात. रशियन साहेबाच्या दुभाष्याने सांगितलं म्हणे, की लढाईत पाणी शिरलं तेव्हा बोट वाचवायला तळच्या खोलीचं दार बाहेरून आवळलं. आत खलाशी होते.

हिरालालने पूजा मांडली. दुर्गचे भटजी आले नाहीत, तेव्हा लोकांना माझं, भिक्षुकाच्या मुलाचं, संस्कृत आठवलं. भंगाराचा विधी कुठल्या शास्त्रात असणार? मी आपलं खणखणीत आवाहन केलं. आत राहिलेल्यांनो, या कलशात या, इथेच थांबा. तेवढ्यात भोंगा झाला. लोक प्रसाद घेऊन पळाले आणि विसर्जन राहिलं.

कलश घरी आणला. रमाने रीतीप्रमाणे तीर्थ घरभर शिंपडलं, थोडं प्याली. खारट लागतं म्हणाली. मी म्हटलं, भिलाईच्या नळाला समुद्राचे डोहाळे लागले असतील.

१० मे
पत्रे भट्टीत गेले. हिरालाल म्हणतो, वितळेपर्यंत आतून कोणी ठोकत होतं. बातमीत घातलं नाही.

बाहेर तापलेली लू वाहते आहे आणि रमाचे हात बर्फासारखे. कलश पुन्हा काठोकाठ. भरला कोणी, ते तिलाही ठाऊक नाही.

१२ मे
रमा खोकते ते नुसतं मिठाचं पाणी. डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. तिच्या छातीला कान लावला. तिच्या ठोक्यांच्या मागे दुसरे ठोके आहेत. मुठींचे.

हिरालाल खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमीच बलावलं ना त्यायले. आता तुमीच धाडून द्या."

कुठे धाडू? त्यांचं घर आपण वितळवलं.

१३ मे
तळ्यावर जाऊन विसर्जन केलं. जीभ सवयीने शेवटपर्यंत गेली — पुनरागमनाय च. पुन्हा या. जन्मभर देवांना म्हणत आलो तेच —

परतलो तर मथुरा दारात रडत. रमाच्या नाकातोंडातून पाणी. रिकामा करून आणलेला कलश भरलेला.

१४ मे, दुपार
रमाचा श्वास तुटतोय. त्यांना राहायला जागा नाही, म्हणून ते तिच्यात. दुसरी जागा दिली तर —

कलश तोंडाला लावला. सगळा. हात स्वतःच्या छातीवर ठेवला. इहागच्छ. इह तिष्ठ. इथे या, इथेच थांबा. या वेळी गंमत नाही.

रमा उठून बसली. हात ऊन. मथुराला म्हणाली, ह्यांचा चेहरा असा का, चहा टाकते.

मी आतल्या खोलीत. दार आवळून घेतलंय. तिला दिसू नये.

ठोकताहेत. बरगड्यांवर, आतून — गार पाणी — गळ्याशी आलं —

रमा बाहेरून विचारतेय, साखर किती घालू. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर