थंडीचे टायर

मुलुंड, डिसेंबर १९८६, संध्याकाळ

सुमे, आजी बोलते तसंच लिही, हसू नकोस.

कॅनडाहून माझ्या धाकट्याचं पत्र आलं. बर्फात गाडी घसरू नये म्हणून त्याने पहिल्यांदाच थंडीचे वेगळे टायर बसवले. गाडीला पण स्वेटर लागतो की काय? गाडी घेतली तेव्हा मी कळवून चारी चाकांखाली लिंबं ठेवायला लावली होती. ते टायर आता तळघरात. मग नव्यांचं काय?

सुमी म्हणते, "आजी, पूजा गाडीची असते, टायरची नाही गं."

असेल. पण बर्फावर टेकतो तो टायरच ना? माझं पत्र पोचायला पंधरा दिवस. तोवर तो रोज त्याच बर्फातून कामावर जाणार.

शेवटी चार लिंबं घेऊन खाली गेले आणि धाकट्याच्या नावाने शेजारच्या दत्तूच्या रिक्षाच्या चाकांखाली ठेवायला लागले. रिक्षाला चाकं तीनच. चौथं लिंबू हातात घेऊन बसलेय. त्या चौथ्या टायरचं काय करू, काही कळेना.